दोन गिटारी आणि एक निवड

गार्डन रीच हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या, विशेषतः विदर्भातील वाचकांच्या, कानांवरून गेलेले असेल. कोलकात्याच्या नैऋत्येस हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेल्या या भागात पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय होते. १९५५ पासून तेथे दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि त्या रेल्वेच्या नागपूर विभागाचा कारभार २००३ पर्यंत तेथूनच चालत असे. साहजिकच नोकरीच्या निमित्ताने काही मराठी घरे तिकडे गेली आणि तेथलीच होऊन राहिली. अशाच एका घरातील मातेने आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न एका घराचा असला तरी त्याचे उत्तर अनेक घरांच्या उपयोगी पडावे, म्हणून आजचे सदर आम्ही त्यासच दिले आहे.

त्यांची कन्या चोवीस वर्षांची आहे. ती लहान मुलांना गिटार शिकविते आणि एका वाद्यवृंदात स्वतः वाजविते. चार वर्षांच्या शिकवणीतून साठविलेल्या पैशांत तिला उत्तम प्रतीची विजेची गिटार घ्यावयाची आहे. दोन गिटारी तिने पाहून ठेविल्या आहेत. एक फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, दुसरी गिब्सन कंपनीची लेस पॉल. दोन्ही नामांकित, दोन्ही महाग. त्यांतही दुसरीची किंमत अधिक. दुसरी घेतल्यास ध्वनिवर्धकापुरते, म्हणजे ॲम्प्लिफायरपुरते, पैसे उरत नाहीत. वडिलांचे म्हणणे असे, की वस्तू घ्यावयाची तर सर्वांत मोलाचीच घ्यावी, उणे पडेल ते आपण घालू. मुलीचा आग्रह असा, की वाद्य आपल्याच कमाईचे असावे. या वादात दोन महिने गेले असून घरात त्या विषयावर बोलणेच बंद झाले आहे. मातेस गिटारमधील काही कळत नाही. परंतु सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा घरात आजही जपून ठेविलेला आहे, तेव्हा वाद्याची किंमत म्हणजे काय, हे त्या जाणतात. दोहोंपैकी कोणती गिटार चांगली, एवढेच त्यांनी विचारले आहे.

वाचकहो, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की दोन्ही चांगल्या आहेत. म्हणूनच 'चांगली कोणती' या वाटेने गेल्यास हा वाद मिटणार नाही. शीतकपाट घेताना आपण कोणते अधिक टिकेल, कोणते वीज कमी खाईल, हे पाहतो. ते कोणाच्याही घरात सारखेच चालते. वाद्याचे तसे नाही. एकच वाद्य एका हाताला वश होते आणि दुसऱ्याला आयुष्यभर अडते. तेव्हा दोन उत्तम वाद्यांतून निवड करावयाची असल्यास प्रश्न थोडा बदलावा लागतो. कोणत्या हातासाठी, कोणत्या स्वरासाठी आणि कोणत्या हवेतील घरासाठी हे वाद्य घ्यावयाचे आहे, असे विचारावे लागते.

ही गोष्ट गार्डन रीचला नवी नाही. या भागाचाच एक हिस्सा मटियाबुर्ज. १८५६ साली कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास आले आणि पुढे १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे वास्तव्य मटियाबुर्ज येथेच होते. तेथील सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. त्यांच्या आश्रयाने लखनौचे गवई, नर्तक व वादक या नदीकाठी येऊन राहिले. त्यांत तानसेनाच्या परंपरेतील रबाबवादक बासत खाँ होते आणि त्यांच्यापाशी विद्या घेतलेले सरोदवादक नियामतुल्ला खाँ हेही होते.

रबाबाला आतड्याची तात आणि लाकडी पट्टी असते. तिचा स्वर गोड व गंभीर असला तरी तो लवकर मावळतो. सरोदावर पोलादी तारा आणि गुळगुळीत धातूची पट्टी आली, तेव्हा स्वर अधिक वेळ टिकू लागला आणि लांब मींड घेणे शक्य झाले. हा बदल नियामतुल्ला खाँ यांनी केला, असे त्यांच्या घराण्याची परंपरा सांगते. त्यांचे पुत्र असदुल्ला खाँ 'कौकब' हे तर सरोदाबरोबर बॅंजो हे पाश्चात्त्य वाद्यही वाजवीत. त्या काळीही जुने वाद्य वाईट होते, असे कोणी म्हणाले नाही. आपणांस कोणता स्वर हवा आहे, हे आधी वादकाच्या मनात स्पष्ट झाले आणि मग त्याने वाद्य त्याप्रमाणे घडवून घेतले. खरेदीचा क्रमही हाच असावा.

ही पोलादी तार आपल्या आजच्या विषयाशी आणखी एका नात्याने जोडलेली आहे. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्यास मोठे करून ऐकवितो. नायलॉनची किंवा आतड्याची तार येथे मुकीच राहील. अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास तयार झालेली पहिली यशस्वी विजेची गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाईयन गिटार होती. हाच प्रकार पुढे बंगालने मनापासून आपलासा केला. कवी काझी नजरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध, तसेच सुनील गांगुली यांच्या गिटारवादनाने बंगाली गीतांच्या चाली घरोघर पोहोचविल्या. सारांश, विजेची गिटार ही गार्डन रीचच्या घरात काही उपरी वस्तू नव्हे.

आता त्या दोन गिटारींकडे वळू. लेस पॉल १९५२ साली बाजारात आली व स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली. दोहोंची मूळ घडण आजही फारशी बदललेली नाही. परंतु त्या घडणीमागील विचार मात्र वेगळे आहेत.

स्ट्रॅटोकास्टरचे जनक लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर होते. स्वतः गिटारवादक नव्हते. बिघडेल तो भाग काढून दुसरा बसविता यावा, ही त्यांची दृष्टी. म्हणून या गिटारीची दांडी धडाला स्क्रूंनी जोडलेली असते. धड बहुधा आल्डर किंवा ॲश या लाकडाचे, दांडी मेपलची. एकेका वेटोळ्याचे तीन पिकअप असतात. आवाज स्वच्छ व टवटवीत असून प्रत्येक तार निराळी ऐकू येते. घोडीला एक दांडा जोडलेला असतो. तो दाबला, की सर्व तारांचे स्वर एकदम हलतात. मात्र या घोडीस स्प्रिंगांचा आधार असल्यामुळे एखादी तार तुटली, तर उरलेल्या तारांचाही सूर बिघडण्याचा संभव असतो.

लेस पॉलची घडण पेटीकाम करणाऱ्या जुन्या सुताराच्या वळणाची आहे. महोगनीचे जाड धड, त्यावर मेपलचा थर आणि सरसाने कायमची चिकटविलेली दांडी. १९५७ पासून तिच्यात दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप बसविण्यात येऊ लागले. यांतील दोन वेटोळी परस्परविरुद्ध मांडलेली असल्यामुळे घरातील विजेची घरघर एकमेकींत विरून जाते. आवाज भरदार व दाट असतो, आणि ध्वनिवर्धक चढविल्यावर स्वर बराच वेळ तेवत राहतो. घोडी स्थिर असल्याने तारा बदलणे सोपे जाते. या गिटारीचे डोके मागे कललेले असते. त्यामुळे ती पाठीवर पडली, तर दांडी डोक्यापाशी तडकण्याचे भय अधिक. ज्या घरात लहान मुले शिकावयास येतात, तेथे ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हाताच्या दृष्टीनेही दोहोंत अंतर आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या मोकळ्या तारेची लांबी सुमारे ६४.८ सेंटिमीटर, तर लेस पॉलची सुमारे ६२.९ सेंटिमीटर. फरक दोन सेंटिमीटरांहूनही कमी आहे. परंतु आखूड तारेवर ताण कमी पडतो आणि पडदेही किंचित जवळ येतात. लहान पंजाच्या वादकास हे सुखाचे वाटते. उलट वजनाचा विचार करता लेस पॉल सर्वसाधारणपणे ४ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक भरते, तर स्ट्रॅटोकास्टर साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास असते. खुर्चीत बसून अर्धा तास वाजविणाऱ्यास हा फरक जाणवणार नाही. मंचावर दोन तास उभे राहणाऱ्याच्या खांद्यास तो निश्चित जाणवेल. म्हणजे बोटांना जी सोयीची, तीच खांद्याला जड, असा हा पेच आहे. तो कागदावर सुटावयाचा नाही; वाद्य हातात घेऊनच सोडवावा लागेल.

यानंतर हवेचा विचार. हुगळीकाठची पावसाळी हवा अतिशय दमट असते आणि हिवाळ्यात ती कोरडी होते. लाकूड ओलाव्याने फुगते व कोरडेपणाने आकसते, हे मिरजेचा तंबोरा सांभाळणाऱ्या घरास सांगावयास नकोच. सुमारे दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीरही भोपळा पुरता सुकल्यावाचून त्यास हात लावीत नाहीत. दोन्ही गिटारींच्या दांडीत एक पोलादी सळई असते. ऋतुमानाप्रमाणे दांडी वाकली, तर ती सळई किंचित फिरवून सरळ करतात. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवावे. स्क्रूंची दांडी वेळप्रसंगी काढून दुरुस्त करणे वा बदलणे सोपे असते. चिकटविलेल्या दांडीस अधिक कसबी हात लागतो. असा कारागीर आपल्या गावात आहे की नाही, याची चौकशी गिटार घेण्यापूर्वी करावी.

वाद्य घरी आल्यावर ते पेटीत ठेवावे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्या. ओल येणाऱ्या भिंतीस ते टांगू नये किंवा वातानुकूल यंत्राच्या झोतात ठेवू नये. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्या. दमट हवेत त्या लवकर गंजतात. काही महाग गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचे पातळ रोगण असते. त्यास रबराचा सतत स्पर्श झाल्यास डाग पडतात, म्हणून गिटार टेकविण्याच्या घोड्यावर रबर असल्यास त्यास सुती कापड गुंडाळावे.

विजेविषयी एक सूचना आम्ही विशेष आग्रहाने करू इच्छितो. जुन्या वसाहतींतील घरांत अर्थिंग पुष्कळदा नीट नसते. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून अशा घरात घरघर अधिक ऐकू येते, हे एक. परंतु त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. वादकाची बोटे सदैव धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा ध्वनिवर्धकाशी जोडलेल्या असतात. म्हणून तीन खुंट्यांचाच प्लग वापरावा आणि गिटार येण्यापूर्वी विजेच्या कारागिराकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. परदेशातून आणलेला ध्वनिवर्धक १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो योग्य ट्रान्सफॉर्मरवाचून कदापि लावू नये.

आता प्रत्यक्ष पारख कशी करावी, ते सांगतो. प्रथम वीज न जोडता दोन्ही गिटारी वाजवाव्या. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून पाहावा. कोठे खरखर होते का, स्वर मरतो का, हे ऐकावे. मग बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून जो स्वर निघतो तो आणि तोच पडदा दाबून निघणारा स्वर ताडून पाहावा. दोन्ही एक असले, तर घोडी योग्य जागी आहे, असे समजावे. अंतर असले, तर ते दुकानातच दुरुस्त करून घ्यावे.

दुसरी कसोटी खांद्याची. पट्टा लावून प्रत्येक गिटार अर्धा तास उभे राहून वाजवावी. दुकानदारास घाई असेल, परंतु आपणांस ती नसावी.

तिसरी कसोटी कानाची, आणि हीत फसगत फार होते. दोन्ही गिटारी एकाच ध्वनिवर्धकावर, एकाच केबलने आणि सारख्याच मोठ्या आवाजात ऐकाव्या. जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला नेहमीच सरस वाटते. दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप मुळातच अधिक जोरकस असल्यामुळे आवाजाची कळ खालीवर करून आधी बरोबरी साधावी. मग दुसऱ्या कोणास वाजवावयास सांगून आपण पाठ फिरवून बसावे आणि कोणती कोणती आहे, हे न पाहता पसंती नोंदवावी. नाव, रंग आणि किमतीची चिठ्ठी यांचा प्रभाव तेवढ्यापुरता तरी दूर होतो.

चौथी कसोटी दिवसांची. त्याच दिवशी पैसे देऊ नयेत. आठवड्याने पुन्हा जावे आणि जे नेहमी वाजवितो, तेच वाजवून पाहावे. नामांकित गिटारींच्या खोट्या नकला बाजारात येतात, हे लक्षात ठेवून अनुक्रमांक, पावती व हमीपत्र तपासूनच व्यवहार पुरा करावा.

राहिला हिशेब. गिटार हे अर्धेच वाद्य आहे. दुसरे अर्धे म्हणजे ध्वनिवर्धक. उत्तम गिटार आणि सुमार ध्वनिवर्धक यांपेक्षा चांगली गिटार आणि चांगला ध्वनिवर्धक ही जोडी सर्वस्वी श्रेयस्कर. तेव्हा एकूण रकमेतून ध्वनिवर्धक, मजबूत पेटी, केबल, वर्षभराच्या तारा आणि एकदोन वेळची दुरुस्ती यांचे पैसे आधी बाजूस काढावे. उरतील तेवढ्यात गिटार बसवावी. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि मोलाची गिटार ध्वनिवर्धकावाचून महिनेच्या महिने पेटीत पडून राहते.

या सर्वांवरून गार्डन रीचच्या आमच्या भगिनीस काय सांगावे? त्यांच्या पत्रावरून असे दिसते, की मुलगी बहुतेक गीतांच्या चाली व साथ वाजविते आणि आवाज स्वच्छ ठेविते. तिला मंचावर उभे राहावे लागते, घरी मुले शिकावयास येतात आणि हवा दमट आहे. या चारही गोष्टी स्ट्रॅटोकास्टरच्या बाजूच्या आहेत. शिवाय तिच्या स्वतःच्या पैशांत ती गिटार बसते व ध्वनिवर्धकही येतो. म्हणून आमचा कौल तिकडे आहे. तथापि पाठ फिरवून ऐकताना तिचे मन पुन्हा पुन्हा लेस पॉलच्या दाट स्वराकडेच गेले आणि अर्ध्या तासाने खांदाही कुरकुरला नाही, तर आमचा कौल तिने खुशाल बाजूस ठेवावा आणि आणखी काही महिने पैसे साठवावे. वाजविणार ती आहे, आम्ही नव्हे.

वडिलांचा हेतू प्रेमाचा आहे, यात शंका नाही. परंतु मुलीने चार वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना सूर लावावयास शिकवून हे पैसे जमविले आहेत. त्यांत भर घालून तिची निवड बदलण्यापेक्षा त्यांनी घराचे अर्थिंग आपल्या खर्चाने नीट करून द्यावे. ती मदत तिला नाकारता येणार नाही, आणि तिची गरजही खरोखरीची आहे.

आपल्याही घरी कोणी सतार, व्हायोलिन, पेटी किंवा गिटार घेण्याच्या विचारात असेल, तर कसोट्या याच लावाव्या. आणि वाद्य घरी आल्यावर घरातील इतरांनी एवढे करावे, की त्यासाठी ओल न येणारा एक कोपरा आणि दिवसातील एक ठरलेला तास मोकळा ठेवावा. त्या तासात दूरदर्शनसंचाचा आवाज बंद असावा आणि दाराशी आलेल्या पाहुण्यास थोडा वेळ थांबावयास सांगावे.